डोंगर ते खाडी : पन्नास तासांचा विषय

मध्य रेल्वेने ठाण्याकडून मुंबईत शिरताना मुंबईचे पहिले स्थानक लागते ते मुलुंड. स्थानकाच्या पुलावरून पश्चिमेकडे पाहिले की इमारतींच्या फटींतून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. पूर्वेला वस्ती, मग पूर्व द्रुतगती महामार्ग आणि त्याच्या पलीकडे मिठागरे, तिवरांचे जंगल आणि ठाण्याची खाडी. डोंगरापासून खाडीपर्यंतचे हे सगळे जेमतेम पाच-सहा किलोमीटरांत आटोपते.

या भागातील महाविद्यालयांत आम्ही काही शिक्षक 'पर्यावरण' हा विषय शिकवतो. आमच्यात कुणी भूगोलाचे आहेत, कुणी रसायनाचे, तर कुणी वनस्पतिशास्त्राचे. एका वर्षी पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, आमच्या घराच्या खिडकीतून डम्पिंग दिसतं. ते कुठल्या युनिटमध्ये येतं?"

आम्ही चटकन सांगून टाकले, "घनकचरा. प्रकरण पाचवे, प्रदूषण." उत्तर बरोबर होते. मुलीने ते वहीत लिहूनही घेतले. पण संध्याकाळी स्टाफरूममध्ये चहा घेताना अभ्यासक्रमाचा कागद पुन्हा काढला, तेव्हा आपण फार अपुरे बोललो असे लक्षात आले. कचऱ्याखाली गेलेली जमीन हा नैसर्गिक साधनसंपत्तीचा, म्हणजे दुसऱ्या प्रकरणाचा भाग. शेजारची खाडी ही परिसंस्था, म्हणजे तिसरे प्रकरण. खाडीतले पक्षी चौथ्यात. कचऱ्यातून निघणारा मिथेन आणि हवामानबदल सहाव्यात. शेजारी राहणाऱ्या माणसांचे आरोग्य सातव्यात. त्या मुलीच्या एका खिडकीत सहा प्रकरणे होती आणि आम्ही तिला एकच दाखवले होते.

हा विषय महाविद्यालयात आला कसा, तो शिकवणाऱ्याचे काम नेमके काय असते, आणि खिडकीतून दिसणारे वहीत कसे आणता येते, हे या लेखात सांगायचे आहे.

न्यायालयाने लावलेला विषय

विज्ञानातले बहुतेक विषय विद्यापीठांनी आपणहून सुरू केले. पर्यावरणाचे तसे नाही. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो कला शाखेचा असो, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेचा, हा विषय सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयामुळे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला. पर्यावरणाची माहिती शाळा-महाविद्यालयांतून सर्वांना मिळाली पाहिजे, असा त्याचा आशय होता. कायदा मोडणाऱ्याला शिक्षा करता येते. पण आपण काय मोडतो आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे कायदा किती पुरा पडणार, हा त्यामागचा विचार.

निकालानंतर बारा वर्षे फारसे काही हलले नाही. पुन्हा न्यायालयाचेच आदेश आले, शेवटचा महत्त्वाचा डिसेंबर २००३ मध्ये. या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा एक समान अभ्यासक्रम तयार केला. पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले. आठ प्रकरणे, पन्नास तास, शंभर गुण. त्यातील आठवे प्रकरण म्हणजे प्रत्यक्ष बाहेर पडून केलेले काम. त्याला पाच तास आणि पंचवीस गुण. पुढे श्रेयांक पद्धत आली, २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, २०२३ मध्ये आयोगाने नवा आराखडा दिला. नावे आणि तास बदलले, तरी या पहिल्या अभ्यासक्रमाचा सांगाडा अजून ओळखू येतो.

शिकवणार कोण?

आता थोडे गणित करू. मोठ्या वर्गातील काही विद्यार्थी आम्हाला विचारतात, "सर, पर्यावरणशास्त्रात एम. एस्सी. करून कॉलेजात शिकवता येईल का?" पात्रता सरळ आहे. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना सवलत असते) आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण. दोन्ही परीक्षांत पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. अडचण पात्रतेची नाही, तासांची आहे.

आयोगाच्या नियमानुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. वर्षात शिकवण्याचे ३० आठवडे धरले तर १६ गुणिले ३०, म्हणजे ४८० तास झाले. पर्यावरणाचा विषय एका तुकडीला वर्षातून एकदा, ५० तास. ४८० ला ५० ने भागा. उत्तर साडेनऊच्या पुढे जाते. म्हणजे ज्या महाविद्यालयात हा विषय घेणाऱ्या जवळजवळ दहा तुकड्या आहेत, तिथेच एका पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार भरतो. अशी महाविद्यालये थोडी. उरलेल्या ठिकाणी विषय कुणाच्या तरी वेळापत्रकात बसवला जातो. वाणिज्य शाखेत तो बहुधा भूगोलाच्या शिक्षकाकडे जातो, नाहीतर तासिका तत्त्वावर कुणाला तरी बोलावले जाते. त्या शिक्षकाला वर्गात उभे राहिल्याचे पैसे मिळतात, मुलांना घेऊन खाडीवर गेल्याचे मिळतीलच असे नाही. क्षेत्रभेट टळते ती बरेचदा आळसामुळे नव्हे, तर या हिशेबामुळे.

हे तक्रार म्हणून सांगत नाही. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याला ते आधी माहीत असावे एवढ्यासाठी सांगितले. आमचा सल्ला असा की पर्यावरणशास्त्राबरोबर रसायन, वनस्पतिशास्त्र, भूगोल किंवा भूशास्त्र यांपैकी एखाद्या विषयात पाय रोवलेला असावा. त्याने नोकरीची दारे वाढतात आणि शिकवण्यालाही वजन येते.

एक आकडा स्वतःचा

एका वर्गात सव्वाशे मुले, बाहेरच्या कामाला पाच तास. निष्कर्ष ठरलेला. जूनमध्ये एक चांगले जर्नल तयार होते आणि मार्चपर्यंत त्याच्या सव्वाशे प्रती होतात. आमच्यापैकी एकाने एका वर्षी एकाच धरणाचे वर्णन, एकाच शुद्धलेखनाच्या चुकीसह, दिवसभर तपासले. त्या संध्याकाळी आम्ही एक नियम केला. जर्नलमध्ये काहीही लिहा, पण त्यात किमान एक आकडा असा हवा की जो तुम्ही स्वतः मोजलेला आहे. कुठे, कधी, कशाने मोजला हे शेजारी लिहायचे. आकडा चुकला तरी गुण कापायचे नाहीत, उसना घेतला तर मात्र कापायचे.

या एका नियमाने काम कसे बदलले ते सांगण्यासाठी मुलुंडच्या डोंगरापासून खाडीपर्यंत चार थांबे घेऊ. प्रत्येक थांब्यावरचे साहित्य साध्या शाळेतही मिळेल असे आहे.

पहिला थांबा : झाडाखालची सावली

डोंगराच्या पायथ्याला, उद्यानाच्या हद्दीबाहेरच्या रस्त्यावर मुलांना थांबवायचे. दोन साधे तापमापक घ्यायचे. एक मोठ्या झाडाच्या सावलीत धरायचा, दुसरा इमारतीच्या सावलीत, जमिनीपासून सारख्याच उंचीवर. दोन्हींवर ऊन पडता कामा नये, नाहीतर आपण हवेचे नव्हे तर तापलेल्या काचेचे तापमान मोजू. दर दहा मिनिटांनी नोंद. नोंदी सारख्या येतात का, कुठे फरक पडतो, हे मुलांनीच सांगायचे.

फरक दिसला तर पुढचा प्रश्न येतो, दोन्हीकडे सावलीच आहे, मग फरक कशाने? झाड फक्त छत्रीचे काम करत नाही. मुळांनी ओढलेले पाणी पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडते, आणि पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. एक लिटर पाण्यासाठी सुमारे २४ लाख जूल. एक हजार वॉटचा हीटर चाळीस मिनिटे चालवला तर एवढी उष्णता मिळते. म्हणजे झाडाने हवेत सोडलेला प्रत्येक लिटर भोवतालातून तेवढी उष्णता घेऊन जातो. सिमेंटची भिंत उलट दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री परत देते. हा फरक एकदा मोजला की 'झाडे लावा' ही भिंतीवरची घोषणा न राहता गणित होते. त्याच गणितातून पुढे असेही कळते की पाणी न मिळालेले झाड हे काम नीट करू शकत नाही. लावण्याइतकेच जगवणेही महत्त्वाचे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा थांबा : कचऱ्याचा डोंगर

महामार्गाच्या पूर्वेला, हरिओमनगरच्या शेजारी मुलुंडचे डम्पिंग मैदान. १९६७ पासून तिथे मुंबईचा कचरा पडत होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये नवा कचरा टाकणे बंद झाले, तेव्हा सुमारे २४ हेक्टर जागेवर अंदाजे ७० लाख टन कचरा साठला होता. हे आकडे वर्तमानपत्रांतून वारंवार आले आहेत. मुले ते पाठ करतात आणि विसरतात. आम्ही म्हणतो, पाठ करू नका, तपासून पाहा.

एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. २४ हेक्टर म्हणजे २ लाख ४० हजार चौरस मीटर. ७० लाख टनांना याने भागले की प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २९ टन येतात. जुना, दबलेला, मातीमिश्रित कचरा घनमीटरला साधारण एक टन भरतो असे धरले, तर सरासरी उंची झाली २९ मीटर, म्हणजे नऊ-दहा मजली इमारतीएवढी. जिच्या खिडकीतून तो ढीग दिसत होता तिला आम्ही विचारले, "पटतं का?" ती म्हणाली, "काही ठिकाणी तेवढा आहे, पण कडेला उतरता आहे." फार चांगले उत्तर. याचा अर्थ सरासरी उंची २९ मीटरपेक्षा कमी असली पाहिजे. मग एकतर कचरा आपण धरला त्यापेक्षा जास्त दाबला गेला आहे, किंवा जागेचा नाहीतर वजनाचा अंदाज सैल आहे. छापलेल्या आकड्यावर असा प्रश्न विचारता येणे हेच या विषयाचे खरे शिक्षण, असे आम्हाला वाटते.

आता ढिगाच्या आत काय चालते ते पाहू. ताज्या कचऱ्यात हवा असते, तेव्हा ऑक्सिजनवर जगणारे जीवाणू ओला कचरा खातात. वरून थर पडत गेले की आतली हवा संपते. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जीवाणू काम हाती घेतात. काही जण सेंद्रिय पदार्थांचे आम्ल बनवतात, दुसरे काही त्यांपासून मिथेन बनवतात. अशा ढिगातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायॉक्साइड असतो. उत्तरपत्रिकांत हमखास एक वाक्य येते, 'मिथेनच्या घाण वासामुळे रहिवाशांना त्रास होतो.' शिक्षकांनी येथे थांबावे. मिथेनला वास नसतो. वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड आणि इतर काही संयुगांचा, ज्यांचे प्रमाण अगदी थोडे असते. मिथेनचा धोका वेगळा आहे. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असले तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. शिवाय शंभर वर्षांच्या काळात तो त्याच वजनाच्या कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डम्पिंगला लागलेल्या आगीचा धूर मुंबईभर पसरला होता. त्या दिवसांत हे प्रकरण शिकवायला फळ्याची गरज पडली नाही.

जुना ढीग हटवण्याच्या पद्धतीला बायोमायनिंग म्हणतात. ढीग उकरायचा, पसरून वाळवायचा, मोठ्या फिरत्या चाळणीतून काढायचा आणि माती, दगड, प्लॅस्टिक वेगळे करायचे. मुलुंडसाठी महापालिकेने हे काम २०१८ मध्ये ठरवून दिले. त्याचा आवाका कळावा म्हणून मुलांना पुन्हा एक गणित देतो. ७० लाख टन समजा सहा वर्षांत हलवायचे आहेत, एकही सुट्टी न घेता. रोज सुमारे ३,२०० टन. दहा टनांचा एक ट्रक धरला तर ३२० ट्रक, रोज. यात पावसाळ्याचे चार महिने ओला ढीग चाळता येत नाही, हे धरलेलेच नाही. पन्नास वर्षे साठवलेले पाच-सहा वर्षांत आवरणे का जड जाते, हे यावरून कळते.

तिसरा थांबा : मीठ आणि पाणी

मुलुंड पूर्वेला 'मिठागर रोड' आहे. त्या रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या बऱ्याच मुलांनी मिठागर मात्र पाहिलेले नसते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातले सुमारे २७ ग्रॅम आपले खायचे मीठ. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचे आणि ऊन-वाऱ्याने आटू द्यायचे. आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, मग जिप्सम, आणि पाणी मूळच्या सुमारे एक दशांश उरले की मीठ. शेवटी राहते ते मॅग्नेशियमचे कडू पाणी, ते टाकून देतात. म्हणून वाफे एकापुढे एक असतात. प्रत्येक वाफ्यात वेगळा क्षार मागे राहतो आणि शेवटच्यात मीठ मिळते.

हे वर्गात करता येते. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा आणि पसरट ताटात गच्चीवर ठेवा. मिठाचे पहिले स्फटिक दिसतील तेव्हा उरलेले पाणी मोजा. साध्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. म्हणजे स्फटिक दिसू लागतील तेव्हा पाणी १०० मिलिलिटरच्या आसपास असायला हवे. एक दशांश! आगरात पिढ्यान् पिढ्या काम करणाऱ्यांनी अनुभवाने जे ओळखले, ते विद्राव्यतेच्या तक्त्याशी जुळते.

मिठागराचे दुसरे काम दिसत नाही. ती सखल, मोकळी जमीन आहे. भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की समुद्र पाणी घेत नाही, ते कुठेतरी थांबावे लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्ग येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्याला मंजुरी दिली. २५६ एकर म्हणजे साधारण १०४ हेक्टर. तेवढ्या जागेवरचा नुसता १०० मिलिमीटर पाऊस दहा कोटी लिटरच्या वर जातो. जमीन भरून उंच केली की हे पाणी दुसरीकडे वळणार. कुठे, हा प्रश्न पडतो.

येथे वर्गात वाद होतो आणि तो व्हायला हवा. एकजण म्हणतो, "खाडीचं पाणी वाढलं तर आमच्याकडेच येणार." दुसरा विचारतो, "मग धारावीतल्या माणसांनी राहायचं कुठं?" दोन्ही प्रश्न खरे आहेत. आम्ही शिक्षक म्हणून निकाल देत नाही. पण एक अट घालतो. जो बोलेल त्याने आपल्या बाजूचा एक आकडा आणायचा आणि समोरच्या बाजूचाही एक. घोषणा देणारी मुले या अटीने थोडी हळू बोलू लागतात, आणि कधीच न बोलणारी मुले आकडा घेऊन उभी राहतात.

चौथा थांबा : खारट पान

खाडीच्या कडेला तिवर उभे असते. त्याचे पान उन्हात निरखले की पृष्ठभागावर बारीक कण चमकताना दिसतात. ते मीठ. तिवराच्या मुळांशी बरेचसे मीठ अडवले जाते, आणि तरी आत आलेले पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. चिखलात हवा नसते, म्हणून त्याची श्वासमुळे पेन्सिलीसारखी जमिनीतून वर येतात. वर्गात 'अनुकूलन' या शब्दाची व्याख्या चार वेळा सांगून जे होत नाही, ते या एका पानाने होते. (येथे खाडीचे पाणी घाण असते, म्हणून पान चाटू देऊ नये. स्वच्छ पाण्यात धुऊन ते पाणी काचेवर वाळवावे, मीठ दिसते.)

याच खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंनी येतात. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोलीला वन विभागाचे किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे शाळेची सहल सहज नेता येते.

पक्षी पाहून एका मुलाने विचारले, "सर, खाडीत एवढं सांडपाणी येतं, मग पक्षी का येतात?" पुस्तकातले सरळ समीकरण, प्रदूषण वाढले की जीव कमी, इथे अडखळते. लहान रोहित पक्षी चोचीने पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शैवाल खातो. सांडपाण्यातली नायट्रोजन आणि फॉस्फरसची संयुगे म्हणजे शैवालाचे खत. तेव्हा सांडपाण्याने या पक्ष्याचे अन्न वाढले असावे, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. मग सांडपाणी चांगले का? तेच खत वाढत गेले तर मेलेले शैवाल कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात, आणि शेवटी पक्ष्यांचेही काही खरे नसते. एका जीवाची संख्या पाहून सगळ्या खाडीची प्रकृती सांगता येत नाही. हे मुलांनी स्वतः बोलून दाखवले, त्या दिवशी आम्हाला पन्नास तासांचे सार्थक वाटले.

"आमच्याकडे आलं"

एक प्रसंग सांगून थांबतो. डम्पिंग बंद झाले त्या वर्षी वर्गात आनंद होता. हरिओमनगरकडच्या मुलांनी खिडक्या उघडता येतील म्हणून सांगितले. तेवढ्यात कांजूरमार्गहून येणारा एक मुलगा उठला. तो एरवी फारसा बोलत नसे. म्हणाला, "सर, तुमच्याकडचं बंद झालं म्हणजे आमच्याकडे आलं."

तो खरे बोलत होता. कचरा तेव्हा देवनारला आणि मुख्यतः कांजूरमार्गला जाऊ लागला. कांजूरमार्गला पद्धत सुधारलेली आहे, तळाशी अस्तर आणि वायू गोळा करण्याची सोय आहे. तरी तिथल्या आणि विक्रोळीकडच्या रहिवाशांच्या वासाच्या तक्रारी चालूच राहिल्या. वर्ग गप्प झाला. आम्हालाही काय बोलावे ते सुचेना, कारण बंद झाल्याचा आनंद आम्हीही फळ्यासमोर उभे राहून व्यक्त केला होता.

पुढच्या तासाला आम्ही एकच काम दिले. भाजीवाल्याकडे असतो तसा टांगता काटा घ्या, नसेल तर शेजारच्या दुकानदाराकडून वजन करून घ्या. सात दिवस आपल्या घरचा ओला आणि सुका कचरा वेगवेगळा मोजा आणि घरातल्या माणसांनी भागा. तुलनेला शहराचा आकडा दिला. मुंबईचा कचरा दिवसाला सहा हजार टनांच्या वर, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख, म्हणजे माणशी अर्धा किलो. मुलांच्या वह्यांत आकडे वेगवेगळे आले, पण एक गोष्ट बहुतेकांना दिसली. पिशवी फुगते ती सुक्या कचऱ्याने, जड होते ती ओल्याने. आणि ढिगात मिथेन तयार होतो तो मुख्यतः ओल्याचाच. तो ज्या घरात जिरेल त्या घरापुरता कांजूरमार्गचा भार उतरतो. हे उत्तर पुरेसे नाही, हे त्या मुलालाही ठाऊक होते आणि आम्हालाही. पण त्याच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलुंडच्या मुलाने सात दिवसांचे वजन आणून त्याला दाखवले, आणि दोघे मिळून ते जर्नलमध्ये लिहीत बसले.

आपल्या गावात

शालेय शिक्षकांना मुलुंडची खाडी मिळणार नाही, पण चार थांबे कुठल्याही गावात मिळतात. एक मोठे झाड, गावाचा कचरा पडतो ती जागा, पाणी साठते ती जागा आणि जिथे एखादा पक्षी किंवा प्राणी दरवर्षी येतो ती जागा. चार थांबे चार वेगळ्या महिन्यांत घ्यावेत, एकाच सहलीत कोंबू नयेत. कचऱ्याच्या ढिगावर मुलांना नेऊ नये, बाहेरूनच पाहावे. साहित्यात तापमापक, काटा, मोजपट्टी आणि वही पुरे. दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात मोजले आणि वही शाळेत जपून ठेवली, तर पाच वर्षांनी त्या शाळेकडे अशी माहिती असेल जी दुसऱ्या कुणाकडेही नसेल.

खिडकीतून डम्पिंग पाहणाऱ्या त्या मुलीचा प्रश्न आम्ही आता दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो. खाली उत्तर लिहीत नाही. मुलांना सांगतो, "तुमच्या खिडकीतून काय दिसतं ते उद्या लिहून आणा. मग युनिट शोधू."